फोनवरून घरच्या मशीनवर कोडिंग: आधी सेशन टिकवा, ॲप शेवटी निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी एक लिनक्स लॅपटॉप आहे, त्यावर पायथनचा एक प्रकल्प चालू आहे. रोज दीड-दोन तास प्रवासात जातात, त्या वेळात फोनवरून त्याच प्रकल्पावर काम करायचं आहे. रिमोट डेस्कटॉप करून पाहिला, पण अक्षरं वाचता येईनात. मग एसएसएचचं (दुरून मशीनच्या टर्मिनलमध्ये शिरून कमांड चालवायचं) एक ॲप घेतलं, तर ते दर पाच-दहा मिनिटांनी तुटतं आणि चाललेलं काम जातं. तर यासाठी चांगलं ॲप कोणतं?

ॲपची नावं सांगतो, पण सगळ्यात शेवटी. कारण तुमचं घोडं ॲपपाशी अडलेलं नाही. फोनवरचं कनेक्शन तुटणारच. वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात की फोनचा आयपी पत्ता बदलतो, आणि एसएसएच ज्या टीसीपी या नेटवर्कच्या पद्धतीवर चालतं, तिचं कनेक्शन दोन्ही टोकांच्या पत्त्यांना बांधलेलं असतं. एक पत्ता बदलला की ते कनेक्शन संपलं. शिवाय दोन मिनिटं दुसरं ॲप उघडलं की फोनची ऑपरेटिंग सिस्टिम बॅटरी वाचवायला तुमचं टर्मिनल झोपवते. हे कुठल्याच ॲपला पूर्णपणे टाळता येत नाही. म्हणून मांडणीच अशी हवी, की कनेक्शन तुटलं तरी कामाला धक्का लागणार नाही. काम राहतं मशीनवर. फोन फक्त त्यात डोकावायची खिडकी.

हे मला एका मायग्रेशनने शिकवलं. फोनवरून साध्या एसएसएचवर मी एका डेटाबेसचं मायग्रेशन, म्हणजे जुना डेटा नव्या रूपात नेण्याचं काम, सुरू केलं होतं. तीन टेबलं सरळ झाली, चौथं चालू असताना गाडी बोगद्यात शिरली. बाहेर आल्यावर पुन्हा लॉगिन केलं तर स्क्रिप्ट गायब. झालं होतं असं: कनेक्शन गेल्याचं सर्व्हरला कळल्यावर त्या टर्मिनलमधल्या प्रोसेसना हँगअप सिग्नल मिळाला, आणि त्या सिग्नलवर बहुतेक प्रोग्रॅम मुकाट्याने बंद होतात. चौथ्या टेबलातल्या कोणत्या ओळी नवीन रूपात आल्या आणि कोणत्या जुन्याच राहिल्या, हे रात्रभर हाताने तपासावं लागलं. त्यानंतर टीमक्सच्या (कनेक्शन तुटलं तरी सेशन चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) बाहेर मी फोनवरून एकही लांबलचक कमांड चालवलेली नाही.

तेव्हा सुरुवात मशीनपासून. ती जागी राहिली पाहिजे. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो आणि तुम्ही स्टेशनवर उभे राहून फोनकडे बघत बसता. सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लॉगइनडी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये हँडललिडस्विच ही ओळ शोधून तिची किंमत ‘इग्नोर’ अशी लिहा, आणि वर स्लीप व सस्पेंड ही दोन्ही टार्गेट सिस्टिमसीटीएल या कमांडने मास्क, म्हणजे पूर्ण बंद, करून टाका. बायॉसमध्ये (लिनक्स सुरू होण्याआधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असेल तर तोही चालू करा. सगळ्या लॅपटॉपमध्ये तो नसतो. पण एक गोष्ट आधी बघा. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर रीस्टार्टनंतर मशीन डिस्कचा पासवर्ड मागत थांबते, तिथे दुरून हात पोहोचत नाही. अशा मशीनवर अपडेट आपोआप रीस्टार्ट करणार नाहीत, एवढी काळजी घ्या.

आता टीमक्स. सगळ्या मांडणीत एकच गोष्ट ठेव असं कोणी म्हटलं तर मी हीच ठेवीन. टीमक्सचा स्वतःचा एक सर्व्हर मशीनवर वेगळा चालतो, तुमची शेल (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्रॅम) आणि तुमचे प्रोग्रॅम त्याच्या पोटात असतात. फोनवरून तुम्ही जोडता तो नुसता क्लायंट. क्लायंट गेला तरी आतला एडिटर, चाललेल्या टेस्ट, अर्धवट टाइप केलेली कमांड, सगळं जागच्या जागी. घरी पोहोचून त्याच लॅपटॉपवर त्याच सेशनला जोडलंत तर कर्सरसुद्धा जिथे सोडला तिथेच सापडतो. न्यू-सेशन या कमांडला मोठ्या ए-चा पर्याय द्या आणि सेशनला एक ठरलेलं नाव द्या: सेशन असेल तर त्याला जोडतं, नसेल तर नवं काढतं. ही एवढी ओळ शेलच्या प्रोफाइलमध्ये एका अक्षराच्या एलियसवर, म्हणजे टोपणनावावर, बसवा. फोनवर टाइप करणं जिवावर येतं, त्यामुळे वाचवलेलं प्रत्येक अक्षर मोलाचं असतं.

टीमक्सच्या कॉन्फिगमध्ये दोनच गोष्टी लगेच बदला. माउस चालू करा, म्हणजे बोटाने वर सरकवून मागचं आउटपुट वाचता येतं. आणि इतिहासाची मर्यादा वाढवा. मुळात ती २००० ओळींची असते, आणि एखादा बिल्ड ती पाच मिनिटांत संपवतो. लॅपटॉप आणि फोन दोन्हीकडून एकाच सेशनला जोडलेलं राहिलं तर एका पडद्याचा आकार दुसऱ्याच्या गळ्यात पडू शकतो. लॅपटॉपवर अचानक कोपऱ्यात पोस्टकार्डाएवढी खिडकी आणि भोवती ठिपके दिसले तर घाबरू नका. जोडताना मोठ्या ए-बरोबर मोठ्या डी-चा पर्याय दिला की बाकीचे क्लायंट सुटे होतात आणि आकार तुमचा होतो. मशीनच रीस्टार्ट झाली तर मात्र टीमक्स काही वाचवू शकत नाही, हे लक्षात असू द्या.

पुढचा प्रश्न: बाहेरून घरच्या मशीनपर्यंत पोहोचायचं कसं. राउटरवर पोर्ट २२ (एसएसएचचं नेहमीचं दार) उघडून देण्याचा सल्ला अजूनही बरेच जण देतात. मी देत नाही. इंटरनेटवर उघडं पोर्ट दिसलं की थोड्याच वेळात स्वयंचलित बॉट पासवर्ड ठोकायला लागतात. लॉग उघडून बघा, ओळींवर ओळी दिसतील. शिवाय बऱ्याच इंटरनेट पुरवठादारांकडे तुमच्या राउटरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतोच, अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवलेले असतात. तिथे पोर्ट उघडूनही काही उपयोग होत नाही.

त्यापेक्षा खासगी नेटवर्क करा. वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रकार) हा त्याचा पाया. २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीपासून तो कर्नलमध्येच आला. स्वतः सर्व्हर चालवायची हौस आणि सार्वजनिक पत्ता असेल तर थेट वायरगार्ड उत्तम. नसेल तर टेलस्केल घ्या, आतून तोही वायरगार्डच वापरतो. मशीनवर आणि फोनवर दोन्हीकडे तो बसवून एकाच खात्याने लॉगिन केलं की दोघांना १०० ने सुरू होणारा एकेक पत्ता मिळतो आणि तो बदलत नाही. राउटरला हात लावावा लागत नाही. थेट वाट सापडली नाही तर रहदारी त्यांच्या रिले सर्व्हरमधून जाते, एन्क्रिप्शन तेव्हाही दोन टोकांमध्येच राहतं. पाणी मुरतं ते एका ठिकाणी: मुळातल्या सेटिंगप्रमाणे प्रत्येक उपकरणाची की (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगिन मागते. सहा महिने बिनबोभाट चाललेली मशीन ऐन प्रवासात नाहीशी होते ती बहुधा यामुळे. घरच्या मशीनपुरती ही मुदत ॲडमिन पानावरून बंद करा. फोनसाठी मात्र ती राहू द्या.

एसएसएचला पासवर्ड ठेवू नका, की वापरा. फोनवरच एसएसएच-कीजेन चालवून ईडी२५५१९ प्रकारची की (एक खासगी आणि एक सार्वजनिक अर्धा) तयार करा, तिला पासफ्रेज द्या, आणि फक्त सार्वजनिक अर्धा मशीनवरच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये टाका. लॅपटॉपवरची खासगी की उचलून फोनवर कॉपी करण्याचा मोह टाळा. प्रत्येक उपकरणाची की वेगळी, आणि की-च्या कॉमेंटमध्ये उपकरणाचं नाव. याचा उपयोग शेवटी सांगतो. की बरोबर असूनही लॉगिन होत नसेल तर शंभरातल्या नव्वद वेळा परवानग्यांची भानगड असते: डॉट एसएसएच फोल्डर ७००, आतली फाइल ६००.

की चालली की सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये पासवर्डने लॉगिन बंद करा. इथे घाई करू नका. फाइल बदलल्यावर आधी एसएसएचडीला (एसएसएचच्या सर्व्हरला) छोट्या टी-चा पर्याय देऊन चालवा, तो फक्त फाइलमधल्या चुका तपासून सांगतो. मग सेवा रीलोड करा. आणि चालू सेशन तसंच उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन करून बघा. नवं लॉगिन झालं तरच पहिलं सोडा. हे सगळं मशीनसमोर बसून करायचं काम आहे, गाडीत नव्हे.

इतकं झालं की साध्या एसएसएचवरही काम सुरक्षित आहे. तुटलं तर जोडा, टीमक्समध्ये सगळं तिथेच. पण दर बोगद्यानंतर पुन्हा जोडण्याचा कंटाळा येतो, आणि त्यावर उतारा म्हणजे मॉश. २०१२ मध्ये एमआयटीतून आलेलं हे साधन लॉगिनपुरतं एसएसएच वापरतं आणि नंतर यूडीपीवर (टीसीपीसारखं कनेक्शन बांधून न ठेवणाऱ्या पद्धतीवर) जातं. त्याला पत्ता बदलल्याचं सोयरसुतक नसतं. नव्या पत्त्यावरून योग्य एन्क्रिप्शन असलेलं पहिलं पॅकेट आलं की सर्व्हर त्या पत्त्याला उत्तर द्यायला लागतो.

वापरताना ते कसं दिसतं ते सांगतो. मी एका फंक्शनचं नाव बदलत असतो आणि रेंज जाते. मी टाइप केलेली अक्षरं तरीही लगेच उमटतात, फक्त त्यांच्याखाली बारीक रेघ असते. ही रेघ म्हणजे मॉशचा अंदाज: सर्व्हरने अजून होकार दिलेला नाही. काही सेकंदांनी पडद्याच्या वरच्या कडेला निळी पट्टी येते आणि शेवटचा संपर्क किती सेकंदांपूर्वी झाला ते मोजायला लागते. बारा, तेरा, चौदा. रेंज आली की पट्टी जाते, रेघा पुसल्या जातात, आणि काम पुढे चालू. फोन खिशात टाकून तासाभराने काढला तरी बहुधा हेच होतं. ज्याने खराब नेटवर्कवर साधं एसएसएच वापरलंय त्याला हे पहिल्यांदा पाहताना खरंच हायसं वाटतं.

मॉश आल्यावर टीमक्स कशाला, असं बरेच जण विचारतात. दोन कारणं. एक, मॉशला मागचं आउटपुट सरकवून बघता येत नाही, तो फक्त समोरचा पडदा जुळवून ठेवतो. मागचं टीमक्समधूनच वाचावं लागतं. दोन, फोनने ॲप पुरतं मारून टाकलं तर त्या मॉश सेशनची गुप्त की ॲपबरोबर जाते आणि त्याच सेशनला परत जोडता येत नाही. मशीनवर मागे उरलेल्या अशा अनाथ सेशनची सूचना पुढच्या लॉगिनला दिसते, ती त्यासाठीच. फायरवॉल असेल तर यूडीपीची ६०००० ते ६१००० पोर्ट मोकळी करा, पण फक्त खासगी नेटवर्कच्या इंटरफेसवर. लोकेल (मशीनची भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ नसेल तर मॉश सुरूच होत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग (मशीनवरचं एखादं पोर्ट फोनपर्यंत आणणं) त्यात नाही, त्याची गरज लागली तर बाजूला एक एसएसएच उघडा.

आता ॲप. अँड्रॉइडवर टर्मक्स, आयफोनवर ब्लिंक शेल. दोन्हींत एसएसएच आणि मॉश चालतं. टर्मक्स एफ-ड्रॉइडवरून (मुक्तस्रोत ॲपच्या भांडारातून) घ्या, आणि त्याची पूरक ॲप हवी असतील तर तीही तिथूनच, कारण वेगळ्या ठिकाणच्या आवृत्त्यांच्या डिजिटल सह्या जुळत नाहीत. अँड्रॉइड १२ पासून ॲपच्या पोटातल्या प्रोसेसवर एकूण ३२ ची मर्यादा आली आहे. टर्मक्समध्ये प्रोसेस संपली आणि पुढे सिग्नल ९ असा संदेश दिसला तर हेच कारण असू शकतं. आपण तर फोनवर फक्त मॉश चालवतोय, जड काम मशीनवर आहे, त्यामुळे हा त्रास सहसा होत नाही. बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून टर्मक्सला वगळा, एवढं पुरे.

सगळ्यात जास्त वेळ मी कीबोर्डवर घालवला आणि तो कारणी लागला. टर्मक्समध्ये आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं की ते कंट्रोलचं काम करतं, पण खरी मजा वरच्या जादा बटणांच्या ओळीत आहे. टर्मक्स डॉट प्रॉपर्टीज या फाइलमध्ये ती ओळ हवी तशी लिहिता येते, आणि एका बटणावर अनेक कळांचा क्रमही बसवता येतो. माझ्या ओळीत एस्केप, टॅब, कंट्रोल, बाण, पाइपचं चिन्ह आणि तिरकी रेघ आहेत, शिवाय दोन खास बटणं: एक टीमक्सची पुढची खिडकी आणणारं, दुसरं सेशनमधून सुटं होणारं. दोन दिवसांत हात बसतो. पडदा अचानक गोठला, कळा लागेनात असं झालं तर कनेक्शनला दोष देण्याआधी कंट्रोल-क्यू दाबून बघा. चुकून कंट्रोल-एस लागलेलं असतं, ते आउटपुट थांबवतं.

एडिटरबाबत माझं मत पक्कं आहे: फोनवर विमसारखा मोडवाला एडिटर सोपा जातो, कारण त्यात एकेका साध्या अक्षराने काम होतं. नॅनोत प्रत्येक गोष्टीला कंट्रोल लागतो आणि अंगठे दुखतात. विम येत नसेल तर मात्र फोनवर शिकायला बसू नका, आधी लॅपटॉपवर अंगवळणी पडू द्या. गिटसाठी (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) लेझीगिट बसवा. एका कळीने स्टेज, एका कळीने कमिट, आणि फरक वाचायला वेगळी कमांड टाइप करावी लागत नाही. जुन्या कमांड शोधायला एफझेडएफ. उभ्या फोनवर वाचण्याजोग्या अक्षरांत जेमतेम पन्नास रकाने बसतात, म्हणून गिट डिफला शब्दांनुसार फरक दाखवायला सांगा. ओळीच्या ओळी दोनदा दिसण्याऐवजी बदललेला शब्द रंगात दिसतो.

ब्राउझरमधला व्हीएस कोड चालणार नाही का, हा प्रश्न येईलच. चालतो. कोड-सर्व्हर मशीनवर बसवा, तो मुळात फक्त १२७.०.०.१ वर पोर्ट ८०८० ला ऐकतो; ते तसंच ठेवा आणि टेलस्केलच्या सर्व्ह सोयीने खासगी नेटवर्कात एचटीटीपीएससह पुढे आणा. एचटीटीपीएस नसेल तर ब्राउझर क्लिपबोर्डसारख्या काही सोयी अडवतो. पासवर्ड काढून सगळ्या इंटरफेसवर उघडा ठेवलेला कोड-सर्व्हर म्हणजे अनोळखी माणसाला मशीनची शेल देणं आहे, ते कधीच करू नका. टॅबलेट आणि बाहेरचा कीबोर्ड असेल तर हा मार्ग छान आहे. सहा इंची फोनवर, ऑनस्क्रीन कीबोर्ड वर आल्यावर, कोडच्या सात-आठ ओळी उरतात. मी तो फोनवर फक्त चित्रं किंवा नोटबुकचे आलेख बघायला उघडतो.

फोनवर काय करायचं याचा निवाडाही मांडणीचाच भाग आहे. कोड वाचणं, लॉग बघणं, टेस्ट चालवणं, एखादी अट दुरुस्त करणं, रिव्ह्यूला उत्तर देणं. हे छान होतं. नवं मॉड्यूल शून्यापासून लिहिणं होत नाही, आणि ते रेटण्यात अर्थ नाही. पण टर्मिनलमध्ये चालणारे एआय कोडिंग सहायक आल्यापासून हे चित्र बदललंय. आता टाइप करायचं कमी आणि वाचून ठरवायचं जास्त, आणि ते फोनला मानवतं. सहायकाला टीमक्सच्या खिडकीत काम लावून द्या आणि फोन बंद करा. तुम्ही जोडलेले असा-नसा, तो मशीनवर चालत राहतो.

इथे मी दोन कुंपणं घालतो. पहिलं, सहायकाला गिट वर्कट्रीने काढलेली वेगळी फोल्डर आणि वेगळी ब्रँच. मूळ फोल्डरमधल्या माझ्या अर्धवट बदलांना त्याने हात लावायचा नाही. दुसरं, परवानगी न विचारता सगळं चालव असा मोड फोनवरून कधीच चालू करत नाही. लहान पडद्यावर लांब कमांडचं शेपूट पुढच्या ओळीत जातं, आणि पुसणारा भाग नेमका त्या शेपटात असू शकतो. होकाराचं बटण दाबण्याआधी फोन आडवा करून पूर्ण कमांड वाचायची सवय लावा. डिफ मोठा असेल तर होकार घरी पोहोचल्यावर. सहायक तेवढा वेळ थांबतो, त्याला घाई नसते.

काम संपलं का हे बघायला दर पाच मिनिटांनी जोडत बसू नका. एनटीएफवाय नावाची मुक्तस्रोत सेवा आहे: एका विषयाच्या पत्त्यावर कर्ल या कमांडने मजकूर पाठवला की फोनवर सूचना येते. लांब कमांडच्या शेवटी ती ओळ जोडा. त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर विषयाचं नाव ज्याला माहीत त्याला सूचना वाचता येतात, म्हणून नाव लांब आणि ओळखता न येणारं ठेवा, आणि मजकुरात कोड, ग्राहकाचं नाव, पासवर्ड असलं काही नको. टेस्ट पास किंवा नापास, एवढाच शब्द पुरतो.

आणि फोन हरवला तर. वेगळी की आणि तिला नाव द्या म्हटलं ते यासाठी. दुसऱ्या कुठल्याही उपकरणावरून टेलस्केलच्या ॲडमिन पानावर जाऊन तो फोन यादीतून काढा. त्याची मशीनपर्यंतची वाट तिथेच बंद होते. मग मशीनवर ऑथराइज्ड-कीजमधली त्या फोनच्या नावाची एक ओळ पुसा, फोनवरून उघडलेली आणि अजून जिवंत असलेली मॉश-सर्व्हरची प्रोसेस मारा. गिटच्या सर्व्हरची की फोनवर नव्हतीच, ती मशीनवर आहे, त्यामुळे तिकडे काही बदलावं लागत नाही. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे, पण एकदा फोन हातात असतानाच करून बघा, आणि टेलस्केलच्या खात्याचं दुसऱ्या टप्प्याचं लॉगिन एकट्या त्या फोनवर अवलंबून नाही ना, हे आजच तपासा.